धूर दुसऱ्याचा, वजन बाळाचे

जन्मानंतर बाळ काट्यावर ठेवले जाते तेव्हा दिसणारा आकडा हा आईच्या नऊ महिन्यांचा हिशेब असतो. तिने काय खाल्ले, किती कष्ट उपसले, कोणती दुखणी काढली यांबरोबरच तिने कोणती हवा श्वासात घेतली हेही त्या आकड्यात धरलेले असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांचे वजन त्या मानाने साडेतीन किलोच्या आसपास होते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ वैद्यकशास्त्रात ‘अल्पवजनी’ गणले जाते आणि अशा बाळाला जंतुसंसर्गाचा व पहिल्या महिन्यातच दगावण्याचा धोका अधिक असतो. म्हणजे या खेड्यांतील सरासरी बाळ आणि धोक्याची रेषा यांत जेमतेम २०० ग्रॅमचे अंतर उरते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर तालुक्याच्या पूर्व सीमेवर, कल्याण–अहिल्यानगर रस्त्यावरचा घाट चढून आल्यावर आणे गाव लागते; ते आणि त्याच्या पठारावरची पेमदरा, नळवणे यांसारखी गावे पर्जन्यछायेत येतात, शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर चालते आणि पोटुशी बाईही रानातले काम लवकर सोडू शकत नाही. अशा ठिकाणी बाळाच्या वजनातून जे काही वजा होते ते शिलकीतून नव्हे, तर गरजेतून वजा होते. तंबाखूचा धूर ही अशीच एक वजाबाकी आहे आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती करणारा बहुधा दुसराच कोणी असतो.

स्वतः विडी-सिगारेट न ओढता इतरांनी ओढलेल्या तंबाखूचा धूर श्वासावाटे आत घेणे याला ‘अप्रत्यक्ष धूम्रपान’ म्हणतात. हा धूर दोन प्रकारचा असतो: ओढणाऱ्याने छातीत घेऊन बाहेर सोडलेला आणि दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात विडीच्या पेटत्या टोकातून आपोआप निघणारा. खोलीत साचणाऱ्या धुराचा मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि तो कमी तापमानाला, अर्धवट जळून तयार होत असल्यामुळे त्यात अनेक विषारी द्रव्यांचे प्रमाण जास्त असते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरणारी आहेत. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी सिगारेटपेक्षा लहान आणि स्वस्त असली तरी तिच्या धुरातील निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटहून कमी नसते, उलट जास्तच आढळते.

हा धूर गर्भापर्यंत कसा पोहोचतो, हे दोन द्रव्यांवरून समजते. पहिले द्रव्य म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचवते. परंतु कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. गर्भाच्या रक्तात हा वायू आईच्या रक्तापेक्षाही अधिक साचतो. आधीच रक्त कमी असलेल्या, म्हणजे ॲनिमियाने ग्रासलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही अडवणूक अधिक महागात पडते, कारण प्राणवायू वाहून नेणारी वाहनेच तिच्याकडे थोडी असतात. दुसरे द्रव्य निकोटिन. ते वारेतून, म्हणजे आईच्या रक्तातील अन्न व प्राणवायू गर्भाकडे पोहोचवणाऱ्या अवयवातून, सहज पलीकडे जाते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे वारेकडे जाणारा रक्ताचा ओघ घटतो. पाटात पाणी कमी आणि तेही गढूळ, अशी गर्भाची स्थिती होते. स्त्रीने स्वतः विडीला हात लावलेला नसला तरी निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन तिच्या लघवीत आणि नवजात बाळाच्या नाळेतील रक्तात सापडू शकते, आणि धूर कोणाचा होता याने त्या पुराव्यात काही फरक पडत नाही.

परिणामांचे मोजमाप अनेक देशांत झाले आहे. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पण धुरात वावरणाऱ्या गर्भवतींविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाळाचे वजन सरासरी ३३ ग्रॅमने किंवा त्याहून अधिक घटत असल्याचे आणि बाळ अल्पवजनी होण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. पुढे २०११ मधील आढाव्यात मृत बालक जन्मण्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने तर अशा धुराची ‘निर्धोक’ म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही, असा निष्कर्ष काढला. ३३ ग्रॅम हा आकडा साडेतीन किलोच्या बाळापुढे किरकोळ वाटू शकतो. २०० ग्रॅमच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाळासाठी तो त्या अंतराचा सहावा हिस्सा आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ केवळ ३.८ टक्के होते, मात्र खाण्याच्या, चघळण्याच्या किंवा दातांना लावण्याच्या स्वरूपात तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण १६.६ टक्के होते. घरोघरी परिचित असलेली मिश्री ही तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून आणि कुटून केलेली पूड असते. ती भाजताना उठणारा, घरभर ठसका लावणारा धूर हाही तंबाखूचाच धूर असतो, परंतु विडी घरातले पुरुष ओढतात आणि मिश्री घरातल्या बायकाच भाजतात, म्हणून त्याची गणना धूम्रपानात कोणी करत नाही. मिश्री लावणाऱ्या गर्भवतीचे नुकसान मुंबईतच मोजले गेले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या या संशोधकांनी १,२१७ गर्भवतींचा मागोवा घेतला व २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिनधुराची तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. सासू मिश्री भाजते, सासरे ओसरीवर विडी ओढतात आणि सून स्वतः मिश्री लावते, अशा घरात हे सारे एकाच बाळाच्या खात्यातून वजा होते.

कायद्याने या बाबतीत जे साधले ते घराच्या उंबरठ्यापर्यंत. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णालये, शाळा, न्यायालये, रेल्वे आदी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली; २००३ चा तंबाखूविषयक कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम यांनी ती मनाई देशभर पक्की केली. अशा बंदीचा लाभ गर्भापर्यंत पोहोचतो, हेही सिद्ध झाले आहे: युरोप व उत्तर अमेरिकेतील अभ्यासांच्या २०१४ मधील आढाव्यात बंदीनंतर मुदतपूर्व प्रसूती सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. एस.टी.त शेजारच्या प्रवाशाला विडी विझवायला सांगण्याचा अधिकार गर्भवतीला आज कायद्याने आहे; स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र तो नाही. वडीलधाऱ्यांपुढे बोलण्याची रीत नसलेल्या नव्या सुनेला तर तो मागताही येत नाही, आणि म्हणूनच तपासणीच्या वेळी फक्त तिलाच ‘धुरापासून दूर राहा’ असे सांगणे अपुरे ठरते. आशा कार्यकर्तीने किंवा डॉक्टरांनी हा सल्ला नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना दिला पाहिजे.

तो सल्ला मोजका आहे. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने धूर विरळ होतो, नाहीसा होत नाही. पठारावरच्या थंडीत दारे लोटून घेतली की तेवढाही विरळ होत नाही. त्यामुळे ओढायचीच असेल तर विडी घराबाहेर, दारापासून लांब ओढणे आणि मिश्री घरात न भाजणे एवढे किमान हवे. सोडण्याची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

धूर ही मराठी घराला परकी गोष्ट नाही. चुलीचा धूर रोजचा आणि बाळंतिणीच्या खोलीतली ओव्याची, वावडिंगाची धुरी तर औषध म्हणूनच दिली जाते. त्यामुळे विडीचा धूर वेगळा काढून पाहण्याची सवय नाही. पण गर्भवतीसाठी सगळ्या घराने नियम पाळण्याची सवय मात्र आहे. ग्रहणाच्या दिवशी तिने काही चिरू नये, बाहेर पडू नये म्हणून सासू तिला दार लावून घरात बसवते आणि सासरे स्वतः पंचांगात वेध, स्पर्श, मोक्ष पाहून वेळ सांगतात. त्या सावलीने गर्भाचे काही बिघडत असल्याचा पुरावा नाही. त्याच बंद घरात पेटलेल्या विडीने बिघडते याचा मात्र आहे, आणि ती विडी टाळायला पंचांगही पाहावे लागत नाही.