निमखाऱ्या पाण्याची क्षारता : मोजमापाचे साधन कोणते निवडावे?

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळूरुत खाडीचे पाणी उपलब्ध नाही. त्यामुळे काळुंदर (करीमीन), नारिंगी क्रोमाइड, स्कॅट यांसारखे निमखाऱ्या पाण्यातील मासे शोभेच्या टाकीत वाढवायचे, तर कावेरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळावे लागते. प्रौढ मासे क्षारतेतील बराच फरक सहन करतात. मात्र अचानक झालेला बदल, विशेषतः अंडी व पिल्लांच्या अवस्थेत, घातक ठरू शकतो. म्हणूनच मोजमापाच्या साधनाची निवड महत्त्वाची ठरते.

समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे ३५ पीपीटी, म्हणजे दर हजार भागांत ३५ भाग क्षार, इतकी असते. तेथे १ पीपीटीची चूक तीन टक्क्यांहून कमी भरते. तीच चूक ५ पीपीटीच्या टाकीत वीस टक्के होते. समुद्री टाकीसाठी पुरेसे असणारे साधन येथे अपुरे पडते, ते यामुळेच.

हायड्रोमीटर : हे सर्वांत स्वस्त साधन होय. त्यावरील ०.००१ चा फरक सुमारे १.३ पीपीटी क्षारतेएवढा असतो. शिवाय २० अंश सेल्सिअससाठी आखलेले हायड्रोमीटर २८ अंशांच्या पाण्यात वापरल्यास क्षारता सुमारे अडीच पीपीटीने कमी दिसते. त्यामुळे त्यावर छापलेले तापमान पाहूनच वाचन घ्यावे.

रिफ्रॅक्टोमीटर : द्राक्ष बागायतदारांना हे साधन परिचित आहे, परंतु साखर मोजणारे ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर येथे उपयोगाचे नाही, क्षारतेची मोजपट्टी असलेलेच घ्यावे. पाण्याचे दोन-तीन थेंब पुरतात. ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवावे. सामान्यतः त्यावरील लहानात लहान भाग १ पीपीटीचा असल्याने १० पीपीटीखाली त्याचा आधार मर्यादित ठरतो.

ईसी मीटर : माती व सिंचनाच्या पाण्याच्या परीक्षणासाठी अनेक विस्तार कार्यकर्त्यांकडे विद्युत वाहकता मोजणारे हे उपकरण असतेच. कमी क्षारतेत त्याचे वाचन अधिक बारकाईने मिळते. २५ अंश सेल्सिअसला समुद्री क्षारांच्या ५ पीपीटी पाण्याची वाहकता सुमारे ९, १० पीपीटीची १७ आणि १५ पीपीटीची २५ डेसिसायमन प्रति मीटर असते. उपकरणाची कमाल मर्यादा २० असल्यास ते सुमारे १२ पीपीटीपर्यंतच उपयोगी पडते. वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी बदलत असल्याने तापमान-समायोजनाची सोय असलेलेच उपकरण निवडावे. १२.८८ डेसिसायमनचे प्रमाणित द्रावण निमखाऱ्या पल्ल्यातच येत असल्याने पडताळणीसाठी ते योग्य ठरते.

टीडीएस मीटर वाहकतेला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक कंपनीनुसार ०.५ किंवा ०.७ असू शकतो. त्यामुळे तो आकडा क्षारता म्हणून धरू नये. तसेच ईसी मीटर क्षारांचा प्रकार ओळखत नाही. कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील क्षारही तो मोजतो आणि खाण्याचे मीठ व समुद्री मीठ यांत भेद करत नाही. म्हणून मीठ घालण्यापूर्वी मूळ पाण्याची वाहकता नोंदवून ठेवावी.

सारांश, १२ पीपीटीपर्यंत प्रमाणित द्रावणाने पडताळलेला ईसी मीटर व त्यापुढे क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर वापरावा. पावसाळ्यात क्षारता झपाट्याने घटणाऱ्या कोकणातील खाजण तळ्यांनाही हीच निवड लागू पडते.