फेरफार आणि वाटणी

आमच्या उमरखेडच्या घरी आजोबांच्या पटवारकीच्या काळातील, लाल खारव्याच्या बासनात बांधलेले एक दप्तर बरीच वर्षे माळ्यावर पडून होते. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात मोडत असे. त्या दप्तरातील एका नकलेत, कोणाच्या अनवधानाने कोण जाणे, एका शिवाराचे आठदहा सर्व्हे नंबर शेवटाकडून आरंभाकडे असे उलट क्रमाने उतरले होते. जमीन तीच, आकार तोच, खातेदारही तेच. परंतु हे पान मूळ पानाशी ताडून पाहू लागले की त्या दहा ओळींपाशी बोट अडे. पुढे नागपुरास प्राणिशास्त्र शिकताना गुणसूत्राच्या ‘व्युत्क्रमणा’चा, म्हणजे त्याचा एखादा तुकडा उलटा बसण्याचा, धडा लागला आणि वर्गात बसल्या बसल्या मला ते पान दिसू लागले.

बीजपेशी तयार होताना आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले गुणसूत्र शेजारी शेजारी येऊन एकमेकांशी जुळते, त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते आणि मग, सामाईक खात्यातील दोघे भाऊ हिस्सेवाटणी करून वेगळे निघावेत, तशी ती दोन दिशांना जातात. ताडणी चुकली तर वाटणी चुकते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांच्या खोलीत, दुधाच्या बाटल्यांतून केळ्यांवर पोसलेल्या फळमाशांवर जे काम चालले होते, त्यातूनच कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ साली विभक्त न झालेल्या लिंगगुणसूत्रांचा दाखला देऊन जनुके गुणसूत्रांवरच असतात हे निर्विवाद केले. (ही फळमाशी म्हणजे आमच्या आंबेवाल्यांना सतावणारी फळमाशी नव्हे. ही पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी, दोन-तीन मिलिमीटरची, तांबड्या डोळ्यांची चिमुकली माशी. आपण तिला चिलट म्हणून हाताने उडवतो.)

त्याच खोलीतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये, विद्यार्थिदशेतच, जनुकांचा पहिला नकाशा काढला होता. नकाशा असल्यावाचून क्रम बिघडल्याचे कळत नाही. म्हणूनच १९२१ साली दोन सख्ख्या जातींच्या माशांचे नकाशे शेजारी ठेवताच तिसऱ्या गुणसूत्राचा एक भाग उलटा असल्याचे त्यांना दिसून आले. त्याआधी काही वाणांत अदलाबदल जवळजवळ नाहीशी होत असल्याचे आढळले होते आणि ती रोखणारे एखादे जनुकच असावे, असा समज होता. १९२६ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी तो दूर केला. रोखणारा कोणी नव्हता. पानच उलटे होते.

डोळ्यांना मात्र यातले काही दिसत नव्हते. ते दाखवले टेक्सास विद्यापीठातील थिऑफिलस पेंटर यांनी, १९३३ साली, अळीच्या लाळग्रंथींतील अजस्र गुणसूत्रांत. हा प्रयोग मी स्वतः केला आहे. गुबगुबीत अळी क्षारद्रावणाच्या थेंबात ठेवायची, एका सुईने अंग दाबून धरायचे आणि दुसरी सुई तोंडाच्या काळ्या आकड्यामागे रोवून हळूच ओढायची. म्हणजे डोक्यामागोमाग काचेसारख्या दोन पिशव्या बाहेर येतात. त्यांवर रंग टाकून, वर काच ठेवून, टिपकागदावरून अंगठ्याने दाबले की आडव्या पट्ट्यांचे दोर पसरतात. माझ्या पहिल्या सात अळ्या फुकट गेल्या. आठवीत मात्र एका दोराला गाठीसारखे वेटोळे दिसले. ही बीजपेशी नव्हे, पण येथेही जोडीदार गुणसूत्रे बिलगूनच असतात. एकाचा भाग उलटा असला, तरी पट्टीसमोर तीच पट्टी यावी एवढ्यासाठी दोघे मिळून असा फास घालतात. सारख्याने सारख्याला गाठण्याचा हा हट्ट ज्याने पाहिला, त्याला पुस्तकातील आकृती पुढे कधीच पुरत नाही.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्टर्टेव्हंट आणि जॉर्ज बीडल यांचा १९३६ चा निबंध. फासाच्या आत अदलाबदल झाली, तर एक धागा दोन गुणसूत्रबिंदू (विभाजनात गुणसूत्र जेथून ओढले जाते ती जागा) घेऊन बसतो आणि दुसऱ्याला एकही उरत नाही. बिनबिंदूचा हरवतो आणि दोन बिंदूंचा दोन्हीकडून ओढला जाऊन पुलासारखा ताणतो. असे असता मादीची पुष्कळशी अंडी निकामी व्हावयास हवी होती, पण तशी ती होत नव्हती. याचा उलगडा या दोघांनी केला तो असा की, माशीच्या अंड्यात विभाजनाची चार केंद्रके एका ओळीत उभी राहतात आणि त्यांपैकी आतल्या टोकाचे एकच अंड्याच्या वाट्याला येते. ताणलेला पूल मध्येच अडकून पडतो, म्हणून टोकाला पोहोचतो तो अखंड धागा. अदलाबदल घडते, पण तिचा दाखला संततीत उरत नाही. अर्थात गुणसूत्रबिंदूच उलटलेल्या भागात सापडला, तर ही सोय राहत नाही आणि अंडी खरोखरच वाया जातात.

अदलाबदलीचा दाखला पुसण्याचा हा दोष कामाला जुंपला तो हर्मन मुलर यांनी. १९२७ साली क्ष-किरणांनी होणारी उत्परिवर्तने मोजताना त्यांनी व्युत्क्रमण असलेले गुणसूत्र कुलपासारखे वापरले, आणि त्याच वंशातील अनेकवार उलटवलेल्या गुणसूत्रांवर आज जगभरच्या प्रयोगशाळांतील माशांचे वाण टिकून आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या रुचिगंधज्ञानाची उकल ज्या उत्परिवर्ती वाणांवर केली, त्या विद्येचे भांडवल याच जुन्या खोलीतून आलेले होते.

अदलाबदल न होताही वाटणी बिनचूक कशी होते, हा प्रश्न मागे उरला होता. नर माशीत तर अदलाबदल मुळी होतच नाही. १९६२ मध्ये ऱ्होडा ग्रेल यांनी मांडले की, मादीत अदलाबदलीवाचून राहिलेल्या गुणसूत्रांसाठी जुळणीची दुसरी, उशिराची व्यवस्था असते. १९९० मध्ये नराच्या लिंगगुणसूत्रांची जुळणी रायबोसोमच्या जनुकांच्या पुनरावृत्त भागापाशी होते असे दिसले, आणि १९९६ मध्ये मादीतील त्या दुसऱ्या व्यवस्थेचे सूत्र, इतके दिवस निरुपयोगी मानलेल्या, गुणसूत्राच्या घट्ट, गर्द भागात सापडले. पडीक म्हणून नोंदलेली जमीनच बांध सांभाळून होती म्हणायची!

गुणसूत्रांची अशी उलथापालथ माशीपुरतीच नाही. आमच्या शिवारातील गावरानी कापूस आणि गुजरातेतील ‘हर्बेशियम’ जातीचा कापूस यांच्यातही एका स्थानांतरणाचा, म्हणजे दोन वेगळ्या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदलल्याचा, फरक आहे. संकर केला की चार गुणसूत्रे एकत्र गुंतलेली दिसतात. गेर्स्टेल यांनी १९५३ मध्ये कापसातील अशा स्थानांतरणांचा हिशेब मांडला. वऱ्हाडात कापसावर इतके बोलले जाते, पण हे बोलले जात नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. पावसाळ्यात पिकलेले अर्धे केळे बाटलीत घालून खिडकीत ठेवावे, माशा आल्या की कापसाचा बोळा लावावा आणि काही दिवसांनी काचेवर चढणाऱ्या अळ्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. भारतातील घरांभोवती सर्रास आढळणाऱ्या ‘अननासी’ जातीच्या माशीत तीन व्युत्क्रमणे निसर्गतःच पसरलेली आहेत. तेव्हा वेटोळे पाहण्यासाठी परदेशी वाण मागवण्याची गरज नाही. पहिल्या सात अळ्या फुकट गेल्या, तरी आठवी घ्यावी.