कोहोमॉलॉजी सिद्धांतांचा समतोल

होमॉलॉजिकल बीजगणितातील एक गुणधर्म. दोन मॉड्यूलांपासून मिळणारे ‘एक्स्ट’ हे गट दोन रीतींनी काढता येतात : पहिले मॉड्यूल प्रक्षेपी मॉड्यूलांच्या साखळीने किंवा दुसरे अंतःक्षेपी मॉड्यूलांच्या साखळीने मांडून. दोन्ही रीतींचे फल एकच येते, यास समतोल म्हणतात. आंरी कार्तां व सॅम्युएल आयलेनबर्ग यांच्या होमॉलॉजिकल ॲल्जिब्रा (१९५६) या ग्रंथात हा विषय पद्धतशीरपणे मांडलेला आहे.

उदा., ६ ने भागून उरणाऱ्या बाक्यांचा गट हे पहिले व पूर्णांकांचा गट हे दुसरे मॉड्यूल घेऊ. पहिल्या रीतीने प्रथम एक्स्ट गट म्हणून ६ च्या बाक्यांचाच गट मिळतो. दुसऱ्या रीतीत पूर्णांक परिमेय संख्यांत बसवितात; तेव्हा पूर्णांकाइतका फरक उपेक्षून ०, १/६, २/६, ३/६, ४/६, ५/६ हे सहा घटक मिळतात. हे दोन्ही गट समरूप आहेत.

साखळ्यांसाठी मॉड्यूलांचे अन्य वर्ग घेतल्यास समतोल आपोआप लाभत नाही. तो नसेल, तर एकाच नावाने दोन भिन्न गट दर्शविले जातील. गोरेनस्टीन वर्गांकरिता दोन्ही मॉड्यूलांच्या संबंधित मिती सांत असताना तो हेन्रिक होल्म यांनी २००४ मध्ये सिद्ध केला.