विकराविना साखर: धातूंच्या ऑक्साइडांचा हिशेब

सन 1962मध्ये अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडला ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची जोड देण्याची कल्पना मांडली. आजच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीतही विकरच काम करतं. पण विकर म्हणजे प्रथिन. उष्णता आणि दमट हवा त्याला मानवत नाही. पट्ट्यांची डबी साधारण 30 अंशांच्या आत ठेवायला सांगतात, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45च्या पुढे जातो. आयसीएमआरच्या 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत. विकराविना साखर मोजण्याची धडपड म्हणूनच मोलाची वाटते.

या धडपडीत निकेल, तांबं आणि कोबाल्ट यांची ऑक्साइडं पुढे आहेत. निकेल ऑक्साइडचा इलेक्ट्रोड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून त्याला ठरावीक विद्युतदाब दिला, की पृष्ठभागावरचं निकेल द्विसंयुजी अवस्थेतून त्रिसंयुजी अवस्थेत जातं. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि पुन्हा मूळ अवस्थेत येतं. हे चक्र चालू राहतं आणि जितकं ग्लुकोज, तितका प्रवाह. कण नॅनो आकाराचे केले की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. तांब्याचं तर कौतुकच करावं: तांब्याचा पत्रा हवेत 400 ते 500 अंशांना तापवला की त्यावर कॉपर ऑक्साइडच्या नॅनोतारा लव फुटावी तशा उगवतात. महागडं यंत्र लागत नाही, सोनं-प्लॅटिनम तर नाहीच.

झिंक ऑक्साइडची वाट वेगळी. ते विकराला हटवत नाही, आधार देतं. रक्ताच्या सामूला (pH) त्याच्यावर धन भार असतो, ग्लुकोज ऑक्सिडेजवर ऋण; त्यामुळे विकर त्याला आपसूक चिकटतं.

मग अडलं कुठे? सामूपाशी. निकेल-तांब्याची ही किमया बहुतेक प्रयोगांत 13च्या आसपासच्या सामूला दिसते आणि रक्ताचा सामू आहे 7.4. तिथे प्रवाह फार क्षीण होतो. शिवाय ही ऑक्साइडं विकरासारखी चोखंदळ नाहीत. फ्रुक्टोज, माल्टोज, क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल यांचंही ऑक्सिडीकरण इलेक्ट्रोडवर होऊ शकतं, आणि रक्तातली प्रथिनं पृष्ठभागावर बसून त्याची धार घालवतात. नाफिऑन या बहुवारिकाचा ऋणभारित लेप क जीवनसत्त्वाला आणि युरिक आम्लाला थोपवतो. भाररहित पॅरासिटामॉलला आणि इतर शर्करांना तो तसा अडवू शकत नाही.

तरीही शोधनिबंधांची चढाओढ चालते ती संवेदनशीलतेच्या आकड्यांवर. मला हे चुकीचं वाटतं. रक्तातली साखर मुळातच मिलिमोलच्या घरात असते. नॅनोमोल न ओळखल्यानं रुग्णाचं काही अडत नाही. त्याला हवा आहे विश्वास. ग्लुकोमीटरसाठीचं 2013चं आयएसओ 15197 मानक सांगतं, की डेसिलिटरला 100 मिलिग्रॅमच्या खाली 15 मिलिग्रॅम आणि त्यावर 15 टक्के एवढ्याच फरकात किमान 95 टक्के वाचनं बसली पाहिजेत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ऑक्साइडांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एकच विनंती: कॉस्टिक सोड्यातला आलेख मागे ठेवा. 7.4 सामूचं, खऱ्या रक्तातलं आणि उन्हाळाभर ठेवलेल्या इलेक्ट्रोडचं वाचन पहिल्या पानावर द्या.