विजेची, हायब्रीड की पेट्रोल? गावाकडच्या माणसाने गाडी घेण्याआधी करायचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर : शहागंजच्या घड्याळापासून सिटी चौकाकडे गाडीने जायचं म्हणजे दहा ठिकाणी थांबणं आलंच. हातगाडे, रिक्षा, बस्त्याला आलेली गर्दी. पेट्रोलची गाडी अशा ठिकाणी उभ्या उभ्या तेल जाळते. विजेच्या गाडीची मोटार गाडी थांबली की थांबते, आणि ब्रेक दाबला की थोडी वीज उलटी बॅटरीत जाते. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर विजेची आणि हायब्रीड गाडी भारी पडते. फुलंब्री, खुलताबाद, पैठणकडून बाजाराला येणारे लोक शहरात या गाड्या बघतात आणि मग प्रश्न पडतो, आपण घ्यावी का?

या शहराला एकत्र गाड्या घेण्याची सवय जुनी आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या लोकांनी 150 मर्सिडीज एकदम घेतल्या, 65 कोटींचा व्यवहार झाला, देशभर चर्चा झाली. 2022 मध्ये इथल्याच उद्योजकांनी ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ काढून अडीचशेच्या आसपास विजेच्या गाड्या एकत्र घेण्याची मोहीम हाती घेतली. 31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, गुंतवणूक 20 हजार कोटींच्या आसपास, आणि गाड्या हायब्रीड व विजेच्या. हे सगळं चांगलंच आहे. पण बंगल्याच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवणं वेगळं आणि शेतवस्तीवर गाडी चार्ज करणं वेगळं.

आधी पैशाचं बघू. महिन्याला 1000 किलोमीटर धरा. पेट्रोल लिटरला 105 रुपये आणि गाडी 15 चं अॅव्हरेज देते असं धरलं, तर 67 लिटर, म्हणजे 7 हजार रुपये. चांगली हायब्रीड 22 चं अॅव्हरेज देत असेल तर 4800. विजेच्या छोट्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून 155 युनिट लागतील. युनिट 16 रुपयांना पडलं तर अडीच हजार. बाहेरच्या फास्ट चार्जरवर 20 रुपये धरले तर 3100.

आता 16 रुपये का धरले? महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. 100 युनिटपर्यंत स्वस्त, पुढे 300, 500 असे टप्पे. घरात आधीच 120 युनिट जळत असतील तर गाडीचे 155 वरच्या टप्प्यात बसतात. एजंट मात्र पहिल्या टप्प्याचा दर धरून कागदावर रुपयात किलोमीटर काढून दाखवतो. तो हिशेब चुकीचा आहे.

विजेची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा साडेतीन लाखांनी महाग पडत असेल, तर वरच्या हिशेबाने वर्षाला 54 हजार वाचतात. फरक फिटायला साडेसहा वर्षं. महिन्याला 2000 किलोमीटर पळणाऱ्याला सव्वातीन वर्षं. आणि बाजार, दवाखाना, लग्नकार्य धरून महिन्याला 400 किलोमीटर चालवणाऱ्याला सोळा वर्षं! बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या 8 वर्षांची देतात. त्यात सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. विजेच्या गाडीवर तो आधीपासून 5 टक्केच आहे. म्हणजे दोघींमधलं करातलं अंतर कमी झालं. कपाशीच्या पैशातून हप्ता भरणाऱ्याने हे आकडे आपल्या किलोमीटरवर बसवून बघावेत.

हायब्रीडचं गणित आणखी वेगळं. फरक तीन लाखांचा धरला आणि महिन्याला 2200 वाचले तर अकरा वर्षं जातात. तिचा फायदा असा, की चार्जिंगची भानगडच नाही. इंजिन आणि ब्रेकच तिची बॅटरी भरतात. पण ‘हायब्रीड’ नावाखाली दोन प्रकार विकले जातात. ‘माइल्ड’ किंवा ‘स्मार्ट’ म्हणतात त्यात छोटी मोटार इंजिनला फक्त हातभार लावते, नुसत्या विजेवर गाडी हलत नाही. ‘स्ट्राँग’ असेल तरच शहागंजसारख्या गर्दीत इंजिन बंद ठेवून ती पुढे सरकते. शोरूममध्ये हा एक प्रश्न विचाराच.

खरी अडचण गावातल्या विजेची आहे. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर 30 युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. वायरिंग जुनं, अर्थिंग नाही, मंजूर भार एक किलोवॅट, आणि डीपीच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं. अर्थिंग नसेल तर बहुतेक चार्जर चालूच होत नाहीत. म्हणून गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा आणि भार वाढवून घ्या. रोज 30-40 किलोमीटरच चालत असेल तर पाच-सहा युनिट पुरतात, रात्रभराची वीज नसली तरी भागतं.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायची नाही. ती वीज फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण ज्या कामासाठी कनेक्शन दिलं त्याहून दुसऱ्या कामाला वापरलं तर 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 126 खाली दंडाचं बिल येतं. त्यापेक्षा छतावर सौर बसवणं बरं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे आणि तेवढे पॅनल दिवसाला 12 युनिटच्या आसपास वीज देतात. गाडी त्यावर निघाली की वरचा सगळा हिशेब बदलतो.

लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर कंपनी सांगते त्याच्या दोन तृतीयांश पल्ला धरावा. समृद्धीवर 120 च्या वेगाने पळवली किंवा मे महिन्यात एसी फुल ठेवला तर आणखी घटतो. राज्याच्या 2025 च्या धोरणात समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे, तो फायदा धरायला हरकत नाही.

जुनी विजेची गाडी स्वस्तात मिळत असेल तर बॅटरी किती टक्के शिल्लक आहे याचा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा कागद मागा, आणि हमी नव्या मालकाच्या नावावर होते का तेही विचारा. कागद नसेल तर इसार देऊ नका.