दिवाणखान्यातला उठावाचा प्रकाश

दिवाणखान्यात तीन प्रकारचा उजेड लागतो. खोलीभर पसरणारा, वाचनासारख्या कामापुरता आणि एखादी वस्तू किंवा भिंत नजरेत भरवणारा. या तिसऱ्या प्रकाराला बाजारात फोकस, स्पॉट किंवा अ‍ॅक्सेंट लाइट म्हणतात. शहरी फ्लॅटच्या हॉलमध्ये तो बहुधा फॉल्स सिलिंगमधून दिला जातो.

उठाव येतो तो उजेडातल्या फरकामुळे. ज्या वस्तूकडे लक्ष वेधायचे तिच्यावर आजूबाजूच्या साधारण तिप्पट उजेड असावा, असा ढोबळ नियम आहे. खोलीत 100 लक्स असतील, तर चित्रावर 300 हवेत. म्हणूनच दोन ट्यूबलाइट चालू असताना लावलेला छोटा स्पॉट जाणवतही नाही. फोकसचे बटण वेगळे हवे आणि खोलीतला मुख्य उजेड कमी करण्याची सोयही हवी. चारही भिंतींवर फोकस लावले की उठाव कशालाच राहत नाही. मध्यम आकाराच्या हॉलला एक-दोन जागा पुरतात.

जागा ठरली की कोन ठरवायचा. चित्रासाठी दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून सुमारे 30 अंश कलता ठेवतात. छत 9 फुटांवर आणि चित्राचा मध्य 5 फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून सव्वादोन फुटांवर येतो. तो भिंतीच्या फार जवळ आला, तर फ्रेमची लांब सावली चित्रावर पडते. फार दूर गेला, तर काचेत दिव्याचे प्रतिबिंब दिसते आणि चित्र पाहणाऱ्याचीच सावली चित्रावर येते.

झोताची रुंदी बीम अँगलवर अवलंबून असते. वरच्या उदाहरणात दिव्यापासून चित्राचा मध्य साधारण साडेचार फूट दूर आहे. तेवढ्या अंतरावर 24 अंशांचा झोत सुमारे दोन फूट रुंद पडतो, तर 36 अंशांचा तीन फूट. दीड फुटी वारली चित्राला 24 अंश पुरतात. 36 घेतले, तर उजेड चित्राबाहेरच्या भिंतीवर वाया जातो.

दगडी किंवा टेक्श्चरच्या भिंतीला वेगळी रीत लागते. तिथे दिवे भिंतीपासून सहा ते बारा इंचांवर लावून झोत भिंतीला घासून खाली सोडतात. प्रत्येक उंचवट्याखाली सावली पडते आणि पोत उमटतो. साध्या पुट्टीच्या भिंतीवर हा प्रयोग अंगाशी येतो, कारण दिवसा न दिसणारी पट्टीची प्रत्येक लाट रात्री उघडी पडते. चकचकीत पितळी समईवर सरळ स्पॉट मारला, तर त्यात दिव्याचाच झगझगीत ठिपका दिसतो. अशा वेळी तिच्यामागची भिंत उजळलेली बरी.

बैठकीसाठी 2700 ते 3000 केल्विनचा वॉर्म व्हाइट प्रकाश योग्य. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली गेरूचा तांबूसपणा आणि सागवानाची ऊब दोन्ही फिके पडतात. खोक्यावर सीआरआयचा आकडाही पाहावा. तो 90 किंवा त्याहून जास्त असेल, तर रंग बऱ्यापैकी खरे दिसतात. फ्रेम केलेल्या जुन्या पैठणीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. संग्रहालये कापडावर सहसा 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण कमी अतिनील किरणांच्या एलईडीखालीही रंग हळूहळू उडतो.

फॉल्स सिलिंगच्या कडेच्या खाचेत, म्हणजे कोव्हमध्ये, किंवा शेल्फखाली स्ट्रिप लाइट लावायचा, तर तो डिफ्यूझर असलेल्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवावा. नाहीतर खालच्या पॉलिश केलेल्या फरशीत एलईडीच्या ठिपक्यांची रांग दिसते. 12 व्होल्टची स्ट्रिप 5 मीटरपेक्षा लांब ओढली की पुढचे टोक मंद पडते. म्हणून मोठ्या लांबीला 24 व्होल्टची घ्यावी किंवा दोन्ही टोकांनी वीज द्यावी. एलईडी शाबूत असताना त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर जाण्याचे प्रकार बरेच होतात, त्यामुळे तो हात पोहोचेल अशाच जागी ठेवावा. डिमर हवा असेल, तर दिवा आणि ड्रायव्हर दोन्ही डिमरवर चालणारे आहेत का, हे आधी विचारावे.

दिवे नक्की करण्यापूर्वी चाचणी रात्रीच घ्यावी. एकाने लांब वायरीला जोडलेला स्पॉट शिडीवरून छताजवळ धरावा आणि दुसऱ्याने सोफ्यावर, जेवणाच्या टेबलाशी आणि दारात बसून-उभे राहून पाहावे. यांपैकी कुठूनही दिवा थेट डोळ्यांत येत असेल किंवा टीव्हीच्या पडद्यात चमकत असेल, तर जागा बदलावी. सोफा, टीव्ही आणि चित्र यांच्या जागा पक्क्या झाल्यावरच वायरमनला पॉइंट सांगावेत. पीओपी झाल्यावर एक पॉइंट हलवायचा, तरी तोडफोड, पुट्टी आणि रंग असा तिहेरी खर्च येतो.