माँटगमरीचा एकटा न्यायाधीश

जानेवारी १८६१मध्ये अलाबामाने अमेरिकेतून फुटून निघण्याचा ठराव केला, तेव्हा विन्स्टन परगण्याचा प्रतिनिधी ख्रिस्तोफर शीट्स याने त्यावर सही करायला साफ नकार दिला. परगणा डोंगराळ, जमीन हलकी, माणसं गरीब. गुलाम बाळगण्याची ऐपत तिथे मोजक्यांचीच. दुसऱ्याच्या गुलामांसाठी आपली पोरं लढाईत का धाडायची, हा तिथला रोकडा सवाल. 'फ्री स्टेट ऑफ विन्स्टन' ही दंतकथा त्यातूनच जन्मली. परगणा खरोखर स्वतंत्र कधी झाला नाही, पण दंतकथेला दस्तऐवज लागत नाहीत.

याच परगण्यात ३० ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रँक जॉन्सन जन्मले. घर रिपब्लिकन पक्षाचं. त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे गोऱ्यांचं राज्य. जॉन्सन यांचे वडील राज्याच्या विधिमंडळात गेले, तेव्हा तिथे ते एकटेच रिपब्लिकन होते. बहुमताच्या विरोधात बसण्याची सवय मुलाला घरातूनच लागली असणार.

१९४३मध्ये त्यांनी अलाबामा विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली. तिथल्या सोबत्यांत जॉर्ज वॉलेस नावाचा चुणचुणीत, बोलघेवडा मुलगा होता. दोघांची चांगली ओळख होती. पुढे जॉन्सन पायदळातून नॉर्मंडीच्या लढाईत गेले, दोनदा जखमी झाले, परतल्यावर जॅस्पर गावात वकिली करू लागले. १९५२च्या निवडणुकीत त्यांनी आयझेनहॉवर यांचा प्रचार केला. अलाबामात रिपब्लिकन वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे पक्ष सत्तेवर येताच त्यांचं नाव वर आलं. आधी ते केंद्र सरकारचे वकील झाले. या पदावर असताना काळ्या मजुरांना वेठबिगारीत जखडणाऱ्या गोऱ्या जमीनदारांना त्यांनी शिक्षा मिळवून दिली. मग १९५५च्या हिवाळ्याच्या तोंडावर, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते माँटगमरीचे फेडरल जिल्हा न्यायाधीश झाले. गुणवत्ता होतीच, पण अल्पसंख्य पक्षात असण्याचा असाही फायदा होतो.

ही फेडरल न्यायाधीशाची जागा काय असते, हे आपल्याकडे चटकन कळत नाही. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात, एक राज्याची, दुसरी केंद्राची. भारतात आपण हा मार्ग घेतला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दाम सांगितलं होतं, की आपलं संघराज्य दुहेरी असलं तरी न्यायव्यवस्था एकसंध राहील. अमेरिकेत मात्र केंद्राच्या खटल्यांसाठी ९४ जिल्हे आहेत. साक्षीपुरावे तिथेच होतात, ज्यूरी तिथेच बसते. न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतो, सिनेट मंजुरी देते, आणि मग तहहयात नेमणूक. निवृत्तीचं वय नाही, पगार कापता येत नाही, महाभियोगाखेरीज काढता येत नाही. गंमत म्हणजे या पदासाठी किमान वय किंवा कायद्याची पदवी अशी कुठलीच अट घटनेत नाही.

आता गोम अशी, की वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती निकाल देऊन मोकळे होतात. जिल्ह्याचा न्यायाधीश ज्यांच्याविरुद्ध निकाल देतो, त्यांच्याच गावात राहतो. त्यांच्याच क्लबात गोल्फ खेळतो, त्यांच्याच चर्चमध्ये बसतो. जॉन्सन यांच्या जिल्ह्यात तर त्या वेळी दुसरा न्यायाधीशच नव्हता.

रुजू होऊन काही आठवडे होतात न होतात, तोच १ डिसेंबर १९५५ला बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी उठायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि माँटगमरीचा बस बहिष्कार सुरू झाला. बसमधल्या वर्णभेदाला घटनात्मक आव्हान देणारा 'ब्राउडर विरुद्ध गेल' हा दावा तीन न्यायाधीशांपुढे आला. ५ जून १९५६ रोजी निकाल लागला तो दोन विरुद्ध एक असा. रिचर्ड राइव्ह्ज आणि जॉन्सन यांनी बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. बहिष्काराचं श्रेय लोकांचं आहे आणि त्यांचंच राहावं. पण बसमधली पाटी उतरली ती या हुकमाने.

गोऱ्या माँटगमरीने जॉन्सन कुटुंबाला जवळपास वाळीत टाकलं. अंगणात क्रूस पेटवला गेला. १९६७मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला, त्या बचावल्या. घराला वर्षानुवर्षं पहारा होता.

बहिष्काराच्या काळापर्यंत वॉलेस राज्याच्या न्यायव्यवस्थेत न्यायाधीश झाले होते. मतदार नोंदणीची दप्तरं केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला द्या, असा हुकूम जॉन्सन यांनी काढला. वॉलेस यांनी जाहीर नकार दिला. आणि जानेवारी १९५९मध्ये एका रात्री हेच वॉलेस गुपचूप जुन्या सोबत्याच्या घरी आले. थोड्या दिवसांचा तुरुंगवास राजकारणात उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. जॉन्सन यांनी बजावलं, की दप्तरं दिली नाहीत तर शिक्षा थोडक्यात आटपणार नाही. वॉलेस यांनी दप्तरं ग्रँड ज्यूरीच्या हवाली केली आणि तिथून ती आयोगाकडे पोचली. मग जॉन्सन यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानातून निर्दोष सोडलं. हुकूम पाळला गेला होता आणि वॉलेस यांना हवं असलेलं हौतात्म्य मिळालं नव्हतं. वॉलेस मात्र बाहेर जॉन्सन यांना खोटारडा म्हणत फिरले आणि १९६२मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले.

जॉन्सन यांना 'उदारमतवादी' ठरवण्याचा मोह मला आवरता घ्यावासा वाटतो. टस्कीगी शहराची हद्द अशी काढली गेली, की चौकोनाची अठ्ठावीस बाजूंची आकृती झाली आणि जवळजवळ सगळे काळे मतदार हद्दीबाहेर पडले. या हद्दीला आव्हान देणारा दावा जॉन्सन यांनी फेटाळला होता. हद्द ठरवणं हा राज्याचा अधिकार, असं त्यांचं मत. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. त्यांची खरी ताकद पुरावा वाचण्यात होती. मतदार नोंदणीच्या खटल्यांत अर्जच बोलत होते. गोऱ्या अर्जदाराला कारकून उत्तरं सुचवी, काळ्या शिक्षकाचा अर्ज क्षुल्लक चुकीवरून बाद होई. अशा नोंदींपुढे वकिलांची भाषणं फिकी पडत.

सेल्मा ते माँटगमरी या मताधिकाराच्या मोर्चाच्या वेळी हे सर्वांत स्पष्ट दिसलं. ७ मार्च १९६५ला एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपलं. संघटना न्यायालयात गेल्या. सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नका, असा मनाई हुकूम जॉन्सन यांनी दिला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची त्यामुळे भलतीच कोंडी झाली. मग चार-पाच दिवस साक्षी चालल्या. पुलावरच्या मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली गेली. ती संपताच न्यायाधीशांनी कामकाज काही वेळ तहकूब केलं. निकालाआधी त्यांनी एक व्यवहारी चौकशी केली. हुकूम दिला तर केंद्र तो अमलात आणणार का? ॲटर्नी जनरल कात्झेनबाख यांच्याकडून होकार आला. १७ मार्चच्या निकालाचं सूत्र असं, की निषेध किती मोठा असावा हे अन्याय किती मोठा आहे त्यावरून ठरावं. वाहतुकीच्या महामार्गावर मोर्चाला एरवी इतकी मोकळीक मिळाली नसती. पण तपशिलातही ढिलाई नव्हती. रस्ता दोन पदरी असेल तिथे मोर्चात तीनशेच माणसं, चार पदरीवर बंधन नाही. चौपन्न मैल चालून मोर्चा २५ मार्चला माँटगमरीत पोचला, आणि ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

त्याच मोर्चानंतर व्हायोला लिउझो या कार्यकर्तीला कू क्लक्स क्लानच्या माणसांनी गोळ्या घातल्या. खुनाच्या आरोपाखाली राज्याच्या कोर्टात शिक्षा होईना. जॉन्सन यांच्यासमोर नागरी हक्क कायद्याखाली खटला उभा राहिला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तिघांना दोषी ठरवलं. प्रत्येकी दहा वर्षं शिक्षा झाली.

सत्तरच्या दशकातलं त्यांचं काम कमी नाट्यमय, पण माझ्या मते जास्त अवघड आहे. टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयात पाच हजारांवर रुग्ण होते आणि उपचार नावालाच. सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून कर्मचारी कमी केले गेले, त्यातून 'वायट विरुद्ध स्टिकनी' हा दावा उभा राहिला. माणसाला उपचारासाठी म्हणून कोंडलं असेल तर उपचार मिळणं हा त्याचा घटनात्मक हक्क आहे, असं जॉन्सन यांनी १९७१मध्ये ठरवलं. पुढच्या वर्षी किमान निकषच लिहून दिले. किती रुग्णांमागे किती डॉक्टर आणि परिचारिका, इथपासून स्नानगृहांपर्यंत. १९७६मध्ये तुरुंगांचंही तसंच. हा कारभार न्यायाधीशाने हाती घ्यावा का, ही शंका तेव्हा अनेकांनी घेतली आणि ती गैरवाजवी नाही. जनहित याचिकांवर आपल्या न्यायालयांनी सरकारला वेळोवेळी अहवाल मागितले, तेव्हा हाच वाद आपल्याकडेही झाला. मात्र सरकारने ढिम्म हलायचंच नाही असं ठरवलं तर न्यायाधीशाकडे दुसरा उपाय काय, याचं उत्तर टीकाकारांना देता आलेलं नाही.

१९७७मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे प्रमुख करायचं ठरवलं होतं, पण रक्तवाहिनीच्या आजारामुळे ते राहून गेलं. १९७९मध्ये ते अपील न्यायालयात गेले. १९९५मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालं आणि २३ जुलै १९९९ला ते वारले.

माँटगमरीतल्या त्यांच्या रिकाम्या जागेवर १९८०मध्ये मायरन थॉम्पसन आले. ते काळे, आणि जन्मगाव टस्कीगी. वायटचा दावा त्यांच्या पुढ्यात आला, वर्षानुवर्षं चालत राहिला, आणि अखेर २००३मध्ये त्यांनीच तो निकाली काढला.